गोटा कालवा: 'यूनो'नेच जा

स्वीडनच्या गोटा कालव्याला 'यूनो' बोटीतून जावं की काठाकाठाने गाडीने, असा प्रश्न एकाने विचारलाय. माझं मत ठामपणे बोटीच्या बाजूने. १८७४ साली मोतालाला बांधलेली ही बोट उन्हाळ्यात अजून गोथेनबर्ग-स्टॉकहोम फेऱ्या करते. केबिन मात्र चिमुकली, झोपायला एकावर एक फळ्या आणि संडास-बाथरूम सामायिक. गुडघे दुखणारे आईवडील सोबत असतील तर त्यांना हे आधी सांगा.

खरी मजा लॉकमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी वाढवून-उतरवून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजेबंद कप्प्यांमध्ये. कालव्यावर असे ५८ आहेत आणि बर्गला तर सलग सात लॉकचा जिनाच! स्टॉकहोमकडून येताना बोट आत शिरते, मागचे दरवाजे मिटतात, वरचं पाणी आत सोडतात आणि अख्खी बोट संथपणे वर चढते. बाजूच्या भिंती इतक्या जवळ, की हात लावावा. तेवढ्यात उतरून काठाने चालत पुढे जाता येतं. मुलं असतील तर हे नक्की करा. १९० किलोमीटरच्या या कालव्यातले ८७ किलोमीटर माणसांनी, बहुतेक सैनिकांनी, फावड्यांनी खोदलेत. १८३२ साली तो पुरा झाला.

जूनअखेरीस जा. रात्री दहालाही छान उजेड असतो. डेकवर बसायला स्वेटर लागेलच.