खाजनाचा बांध: चिरे की चिकणमाती?

पोंयकाठ
खाजनाच्या, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवून राखलेल्या सखल जमिनीच्या, बांधाला भगदाड पडलं की मागणी ठरलेली: जांभ्या चिऱ्यांची भिंत घाला. मला हे पटत नाही. भिंत लाटांचा मार अडवते, आतली धूप नाही. भरतीला बांधात मुरलेलं पाणी ओहोटीला सांध्यांतून परततं आणि मातीचे बारीक कण घेऊन जातं. प्रवाह एकाच दिशेचा असता तर जाड कण सांध्याशी अडकून आपोआप गाळणी बसली असती. इथे साधारण दर सहा तासांनी दिशा फिरते, त्यामुळे ती बसतच नाही. चिरे जागच्या जागी, पाठीमागे पोकळ. जुना चिखल-पेंढ्याचा बांध परवडला.

चिरेबंदी
पेंढा कुजला की तिथे आयती नळी तयार! कुर्लीचं बीळ रेतीत लगेच ढासळतं, चिकणमातीत मात्र छत धरून राहतं आणि पाणी ते रुंद करत जातं. शिवाय बार्जच्या (मालवाहू बोटींच्या) लाटांपुढे उघडा चिखल किती टिकणार?
दोष भिंतीचा नाही, मधला गाळणीचा थर वगळण्याचा आहे. ४० ते ८५ टक्के कण ०.०७५ मिमीहून बारीक असलेल्या मातीला जी रेती लावाल, तिचा १५ टक्के भाग ०.७ मिमीहून बारीक असलाच पाहिजे. त्यावर ६ ते १२ मिमी खडी, मग दगड. प्रत्येक थर निदान १५ सेंमी. आपल्याकडे दगड थेट चिखलावर रचतात आणि नंतर चिऱ्याला बोल लावतात.

पोंयकाठ
कागदावर ठीक आहे. भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत चिखलावर १५ सेंमीचा थर सारखा कोण पसरणार?

चिरेबंदी
पोत्यांत भरून लावा. विणलेली पोती नकोत, न विणलेल्या सच्छिद्र कापडाची घ्या.

झिरप
दोघंही मानशीला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराला, विसरलात. पाणी बांधातून जातं त्यापेक्षा दाराच्या फरशीखालून जास्त जातं. झिरपणाऱ्या पाण्याची वाट किती लांब हवी ते सांगणारा लेनचा नियम लावून बघा: बारीक रेतीला गुणांक ७. बाहेर-आत पाणीपातळीत २ मीटर फरक असेल तर झिरपवाट १४ मीटर हवी. आडवी लांबी एक-तृतीयांशच धरायची, म्हणजे ६ मीटरची फरशी २ मीटरच भरते. उरलेल्या १२ साठी दोन्ही टोकांना ३-३ मीटर खोल, पाणी अडवणारी उभी पाटी जमिनीत उतरवावी लागते; पाणी प्रत्येक पाटीवरून खाली जाऊन वर येतं, तेव्हा ६ अधिक ६. नुसती फरशी लांबवून हे जमवायला ४२ मीटर लागतील! आणि काँक्रीटची फरशी रेतीला छत पुरवते. एरवी ढासळून बुजली असती ती नळी उघडी राहते.

मातीपरीक्षक
पोंयकाठ, ‘जुनी माती उत्तम’ हेही सरसकट नको. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना धरून असतात. पावसाळ्यात गोडं पाणी मुरून मीठ धुतलं जातं, पण कणांना चिकटलेला सोडियम राहतो आणि माती आपोआप सुटी होते. मग वेगवान प्रवाहाचीही गरज नाही.
बोराएवढा ओला ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा, तसाच दुसरा नदीच्या खाऱ्या पाण्यात. ढवळू नका, दहा मिनिटं बघा. पावसाच्या पाण्यात ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि नदीच्या पाण्यात नाही, तर ती माती जशीच्या तशी बांधात घालू नका. वजनाच्या २ ते ३ टक्के चुना मिसळून दाबली तर चालते. डोंगराचा मुरूमही तपासा: नुसते खडे आणि पीठ, मधला कणच नाही, असा असेल तर पीठ खड्यांमधून निघून जातं.

पोंयकाठ
ढेकळाची चाचणी मान्य. चुना मात्र पोंयच्या (बांधाच्या आतल्या पाणथळ चराच्या) बाजूला नको, मासळी आहे.

झिरप
आणि आतल्या बाजूला गढूळ झरा फुटला तर त्यावर चिखल थापू नका. दाब वाढून तो शेजारी फुटतो. भोवती रेतीच्या पोत्यांचं कडं करा, आत आधी जाड रेती, वर खडी. पाणी वाहू द्या, फक्त नितळ आलं पाहिजे. बुजवायचं तोंड नदीकडचं.