विषय: नळाचं पाणी मचूळ लागतंय

नमस्कार मंडळी,
कालपासून आमच्याकडे, बँकॉकमध्ये सुकुमवितला, नळाचं पाणी मचूळ येतंय. उकळून बघितलं, फरक नाही. २०२० सारखं खारं पाणी परत सुरू झालं का? घरात तान्हं बाळ आहे, म्हणून विचारते.

---

ताई,
मी सुटीवर गावी आहे, दर्यापूर तालुक्यात. म्हणजे खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीखालचं पाणीच खारं, तेव्हा बोलायचा हक्क माझाच! उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटून चव वाढते. साध्या फिल्टरनेही नाही जात, आरओ हवा. बाळासाठी बाटलीचंच पाणी घ्या.

बँकॉकच्या बऱ्याच भागासाठी चाओ फ्राया नदीचं पाणी पथुम थानीत साम्लेला उचलतात. समुद्र तिथून नदीच्या वाटेने ९० किलोमीटरहून लांब, पण मुलूख असा सपाट की उन्हाळ्यात भरतीचं पाणी तिथवर चढतं. वरून भूमिबोल आणि सिरिकित धरणांचं पाणी जोरात येत असेल तोवर ते अडतं. २०२० ला दुष्काळ होता, धरणांत पाणीच कमी, मग अडवणार कोण? अशा वेळी धरणातून जास्तीचं सोडून खारं पाणी मागे रेटतात. तेच पाणी भातालाही हवं असतं, ती ओढाताण वेगळीच.

हे सगळं ओट्यावर बसून बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यायच्याकडं समुद्र हाय म्हनून खारं. आपल्या पूर्णेले कुठचा समुद्र हाय बाप्पा?"

बरोबरच आहे. इथं पूर्णा नदीच्या खोऱ्यात मीठ खालच्या गाळातच आहे, बोअर कितीही खोल न्या. प्यायला आता शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं, तेही रोज नाही. पण शेताचं काय? बोअरचं पाणी दिलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट नि नापीक होते, म्हणून कापूस, तूर पावसावर आणि हरभरा जमिनीतल्या ओलीवर. तिकडे धरणाचं दार उघडलं की खारेपण मागे हटतं. आमच्याकडे रेटायला ना भरती, ना दार.

---

आम्ही थोनबुरीत, आमचं पाणी गोड आहे. नदीच्या या बाजूला बरंचसं पाणी मे क्लाँग नदीचं येतं. ताई, बाळासाठी बाटलीचंच बरं, पण स्वयंपाकाला आमच्याकडून न्या. रविवारी हळदीकुंकवाला येताना रिकामे कॅन आणा. चहाचं पाणीही इथूनच भरू, फक्त गाडी कोणाची ते आज कळवा.