'माफी', 'अभय' की 'क्षमादान'?

होटगी रोड : हाँगकाँगवरचा एक लेख मराठीत आणतोय. पीटर गॉडबर या बड्या पोलीस अधिकाऱ्याकडे पगाराशी मेळ न बसणारी माया सापडली. चौकशी चालू असताना जून 1973 मध्ये तो इंग्लंडला पळाला, लोक रस्त्यावर उतरले. तिथले ब्रिटिश गव्हर्नर मॅक्लेहोस यांनी 1974 साली पोलिसांपासून वेगळा, थेट आपल्या हाताखालचा भ्रष्टाचारविरोधी आयोग नेमला. ऑक्टोबर 1977 मध्ये पोलीसच आयोगाच्या कचेरीत घुसले, मारहाण केली. आठवडाभरात सरकारनं 1 जानेवारी 1977 पूर्वीच्या बहुतेक प्रकरणांवर पाणी सोडलं. त्याला शीर्षकात मी 'माफी' लिहिलं. संपादक 'अभय' म्हणतात.

नवी पेठ : अभयच. मिळकतकराची अभय योजना सोलापुरात सगळ्यांना कळते.

होटगी रोड : अहो, त्यात मूळ कर भरावाच लागतो, सुटते ती शास्ती. तिथं मुद्दलच सोडलं.

शब्दनिष्ठ : 'माफी' अरबीतून आलेला. 'क्षमादान' असताना उसनवारी कशाला?

बाळीवेस : सर, क्षमा माणूस माणसाला करतो. कोर्टात 'माफीचा साक्षीदार'च म्हणतात, आणि त्याला आधी सगळं खरं सांगावं लागतं. इथं कुणी काय कबूल केलं? म्हणून मला माफीही खटकते. सरळ 'खटले भरणार नाही' लिहा.

शब्दनिष्ठ : शीर्षकात एवढं मावत नाही.

अक्कलकोट रोड : त्या लेखात लाचेला काय लिहायलात? तिकडंही चहाचे पैसेच म्हणत. आपलं 'चहापाणी' जसंच्या तसं बसतं.

नवी पेठ : चहापाणी एकदाचं. तिथं ठाण्यात वाटे ठरलेले होते, त्याला 'हप्ता'च पाहिजे.

अक्कलकोट रोड : हप्ता शब्द बदनाम करू नका. आमचे वडील यंत्रमागावर होते. आई विचारायची, "हप्ता झाला का?" म्हणजे आठवड्याचा पगार. शनिवारी त्या पैशातूनच ज्वारी यायची.

शब्दनिष्ठ : तोही फारसी, हफ्त म्हणजे सात.

बाळीवेस : असू द्या फारसी, घामाचा आहे. आणि हाँगकाँगचंच कशाला? ब्रिटिश सरकारनं पोलिसांच्या चौकशीसाठी नेमलेल्या फ्रेझर आयोगानं 1903 सालीच लिहून ठेवलं की इथल्या पोलिसांना लोक भ्रष्ट आणि जुलमी समजतात. सरकारनं पगार, भरती, प्रशिक्षण यांत सुधारणा केल्या. पण पोलिसांबाहेरची, त्यांच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा काही उभी केली नाही. 'चौकशी' झाली, 'कारवाई' किती झाली, यावर वेगळा धागा काढा.

नवी पेठ : काढा, पण आधी सांगा, पगाराचा हप्ता जुना की पोलिसाचा?