महागड्या शाकाहारी हॉटेलात मटण-मच्छीवाल्याने काय मागवावं?

तांबडापांढरा
शनिवारी ऑफिसचं जेवण आहे, मुंबईतल्या एका बड्या शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये. आम्ही सहा जण, त्यात मी पक्का मटणवाला. अशा ठिकाणी पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही. मेनूत कटहल (फणस) गलौटी कबाब, कटहल टिक्का, सोया चाप, गुच्छी पुलाव, नदरू (कमळकाकडी) यखनी, काळी दाल, ट्रफल (सुगंधी बुरशी) घातलेला रिसोटो म्हणजे इटालियन भात, असं दिसतंय. पनीर सोडून काय घ्यावं?

भट्टीवाला
मटणात चार गोष्टी एकदम मिळतात: चावायला तंतू, खरपूस थर, चरबी आणि ग्लुटामेट-इनोसिनेट या चव वाढवणाऱ्या घटकांची जोडी, जिच्यामुळे रस्सा जिभेवर रेंगाळतो. भाज्यांत इनोसिनेट जवळपास नसतंच. त्याचं काम वाळवलेल्या मशरूममधलं ग्वानिलेट, तसाच एक घटक, करतं. म्हणून मेनू वाचताना पदार्थाच्या नावापेक्षा कृती बघा. तंदूर, कोळसा, वाळवलेलं, आंबवलेलं यातलं काही दिसलं की तिथे थांबा. मलई कोफ्ता वगैरे इतरांना खाऊ द्या.

गुच्छी घ्या, पण एक विचारून: भिजवलेलं पाणी भातात घालता का? काश्मीर-हिमाचलच्या जंगलात उगवणारी ही मशरूम वाळवूनच विकली जाते, भाव किलोला हजारोंत, त्यामुळे ताटात चार-पाच नगच येणार. खरा अर्क असतो तिच्या पाण्यात. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, पाणी फडक्यातून गाळायचं आणि त्यातच तांदूळ शिजवायचे. टोपीच्या जाळीत माती अडकते. दाताखाली कचकच आली तर धुण्यात कसर राहिली. पाणी फेकलं असेल तर तुम्ही महागडा जिरा राइस खाताय.

ओलंखोबरं
गलौटी आणि टिक्का दोन्ही फणसाचेच, पण गलौटी बिनधास्त मागवा. मटणाची गलौटीसुद्धा कच्ची पपई लावून इतकी मऊ करतात की दातांना काम उरत नाही, त्यामुळे फणसाच्या गलौटीत तंतूची उणीव जाणवतच नाही. टिक्क्याचं तसं नाही. फणस कोवळा हवा, आठळी धरण्याआधीचा, आणि आधी उकडताना थोडा कच्चाच ठेवलेला. जास्त उकडला की सळईवरच सुटतो, मग बेसन थापून त्याला सावरतात. असा टिक्का लगेच ओळखू येतो: बाहेर भज्यासारखं कवच, आत लगदा.

चापबद्दल मात्र सांभाळून. सोया आणि मैद्याची पट्टी काडीला गुंडाळलेली असते. तळून, चिरा पाडून मगच मसाला लावला तर ठीक. थेट लावला की मसाला वरच राहतो आणि आत रबर.

भट्टीवाला
चाप नको म्हणताय, पण मग प्रोटीनचं काय? मशरूममध्ये 100 ग्रॅमला तीनेक ग्रॅम, कोवळ्या फणसात त्याहूनही कमी. पनीरमध्ये 18 ते 20. नुसतं फणस-मशरूम खाल्लं तर रात्री अकराला पुन्हा भूक. काळी दाल तरी हवीच. अख्खे उडीद रात्रभर मंद आचेवर राहिले की स्वतःच दाट होतात. घाईत केलेल्या दालीत तो दाटपणा क्रीमने आणतात. चमचा उलटा करून बघा: चांगली दाल हळूहळू ओघळते, पाणी वेगळं पडत नाही.

तांबडापांढरा
आणि यखनी, रिसोटो?

ओलंखोबरं
यखनी जरूर. दही, बडीशेप, सुंठ, वेलची हा काश्मिरी रस्सा मटणाला आणि कमळकाकडीला तोच, त्यामुळे नक्कल केल्यासारखं लागत नाही. दही उकळी येईपर्यंत सतत ढवळावं लागतं, हात थांबला की फाटतं. कणीदार दिसली तर परत पाठवा. आणि भाताबरोबर खा, नानबरोबर रस्सा फुकट जातो.

रिसोटो मी वगळेन. त्यात पडणाऱ्या अस्सल पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम) असतं, म्हणून शाकाहारी स्वयंपाकघरात दुसरं चीज वापरावं लागतं आणि बराचसा खारट-मुरलेला जोर तिथेच जातो. ट्रफलचं तेल तर बहुतेक वेळा कृत्रिम वासाचं असतं.

सहा जणांना दोन गलौटी, एक टिक्का, एक चाप (चिरा पाडतात का ते विचारूनच), दोन दाल, एक यखनी, दोन गुच्छी पुलाव. रोट्या लागतील तशा, सगळ्या एकदम मागवू नका, गार होऊन चिवट होतात. हो, आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो.