दिंडीत लय चढते: मुख्य टाळ कुणाच्या हाती द्यावा?

रामबागकर: नमस्कार मंडळी. इंदूरमधलं आमचं भजनी मंडळ २२ जणांचं: एक पखवाज, एक वीणा, १४ टाळकरी, बाकीचे ध्रुपद (पालुपद) धरणारे. आषाढीला रामबागेतून राजवाड्याकडे दिंडी नेतो. अभंग मिनिटाला ८४ मात्रांवर सुरू होतो आणि तिसऱ्या अभंगापर्यंत ११० च्या वर जातो. रस्त्यावर तर पुढचे आणि मागचे वेगळेच वाजवतात. एकाचा हात फार तयार आहे, सगळे प्रकार वाजवतो. दुसऱ्या एक काकू साधाच टाळ धरतात, पण त्यांच्या आजूबाजूचे चार जण कधी सुटत नाहीत. मुख्य टाळ कुणाला द्यावा?

सम_आठवी: काकूंना. शेजाऱ्यांची लय सांभाळणं ही वेगळी देणगी आहे, हात तयार असण्याशी तिचा फारसा संबंध नाही. तरी एकदा पारखून घ्या. भजनी ठेक्याची ८ मात्रांची आवर्तनं ८४ वर चालू ठेवा, मग पखवाज आणि टाळ दोन आवर्तनं पूर्ण थांबवा. म्हणजे साधारण ११ सेकंद काहीच आवाज नाही. त्यानंतर कोण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतं ते बघा, पाच वेळा करा. मग शेजारच्या एकाला मुद्दाम पळायला सांगा. ज्याच्या अंगात लय आहे तो त्याच्यामागे पळत नाही आणि हट्टाने ओढूनही धरत नाही. भरीचे वार सोडून देतो आणि समेचा वार ठसठशीत करतो.

काकूंचा हात जवळून बघा. टाळ आपटण्याआधी मनगट दर वेळी तेवढंच वर जातं, त्याच वेगाने. शेजारी लय पकडतात ती त्या उचलीवरून. आवाज कानावर पडून मग हात हलवला की उशीर झालेलाच असतो.

आणि लय चढते कुठे, तर बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी. बुवा शेवटचं अक्षर लांबवतात, ध्रुपद धरणारे ते पुरतं होण्याआधीच उचलतात. दर ओळीला थोडं थोडं करत पंधरा मिनिटांत फरक पडतो. म्हणून काकूंना टाळकऱ्यांच्या टोकाला नको, ध्रुपद धरणाऱ्यांना लागून उभं करा.

पखवाज_प्रेमी: रस्त्यावरचं कारण निराळं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दिंडी ३० मीटर पसरली तर मागच्यांना ठोका ०.०९ सेकंद उशिरा पोहोचतो. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे मात्रेच्या साधारण सहाव्या हिश्श्याचा फरक. मागचे तेवढे मागे वाजवतात आणि ते पुढच्यांना आणखी उशिरा ऐकू येतं. सराफ्यासारख्या अरुंद गल्लीत भिंतींचे पडसाद त्यात भर घालतात. पखवाज मधोमध ठेवा, दोन्ही रांगा त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि लांबी १२ मीटरच्या आत. मागच्यांनी कानाने नाही, हात बघून वाजवायचं. पावली (टाळाबरोबर टाकायचं पाऊल) समेवर पडू द्या. रस्ता मोकळा झाला की पाय पळतात आणि टाळ पायामागे जातो.

इंदूर ही नामवंत पखवाजवादक नाना पानशांची गादी, त्यामुळे हे सांगायलाच हवं: पखवाजाची धूम (डाव्या बाजूचा खर्जातला नाद) बुजली की टाळकऱ्यांना सम सापडत नाही, मग ते जोर वाढवतात. डाव्या पुडीला (कातड्याच्या तोंडाला) लावलेली कणीक वाळून तडकली की हेच होतं. लिंबाएवढा गोळा आणि ओलं फडकं सोबत ठेवा, तासाभराने हात फिरवा. पावसाळी हवेत उजवी पुडी उतरते, निघायच्या आधी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) ठोकून चढवून घ्या.

टाळ_जोडी: एक राहिलं. सगळे १४ जण सतत खुला टाळ वाजवत असतील तर नाद एकमेकांत मिसळतो आणि वार कुठे पडला तेच कळत नाही. चार जणांनीच खुला वाजवावा, बाकीच्यांनी वार झाल्यावर टाळ मिटून दाबावा. जड टाळ ज्येष्ठांना देऊ नका. मनगट थकलं की वार मागे पडतो.

रामबागकर: आभारी आहे. सरावात मोबाइलवरची टिकटिक मोठ्याने लावावी का?

सम_आठवी: नको, मंडळी टिकटिकीवर टेकतात. ती फक्त काकूंच्या एका कानात, तीही सुरुवातीची दोन आवर्तनं. मग बंद करा आणि दहा मिनिटांनी लय मोजा. ८४ ची ८८ झाली तरी चालेल. ९५ झाली तर ओळीच्या शेवटचा भाग तेवढाच परत घ्या.