कंडोम वापरला, तरी धाकधूक जात नाही

कंडोम फाटला नाही, निसटला नाही, तरी एचआयव्ही-गुप्तरोगाच्या भीतीने पुढचे तीन महिने झोप उडते. ज्यांचं रोजचं कामच हे आहे त्यांनी लिहावं. उपदेश नको, नेमकं काय करायचं ते हवं.

समुपदेशक, सरकारी एचआयव्ही चाचणी केंद्र
आधी एवढंच सांगा: कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता का, आणि काढताना अखंड होता का? फाटतो तेव्हा बहुधा कळतंच. बारीक भोकाची शंका असेल तर काढल्यावर त्यात पाणी भरून टोक दाबून बघा. अखंड असेल तर पीईपीची, म्हणजे संपर्कानंतर एचआयव्ही रोखायला घ्यायच्या गोळ्यांची, गरज नाही. फाटला असेल आणि जोडीदार पॉझिटिव्ह असेल किंवा त्याची स्थिती माहीत नसेल, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा, जितकं लवकर तितकं बरं. रविवार असला तर अपघात विभागात जा, सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका. गोळ्या २८ दिवस, एकही दिवस न चुकवता.

पाचव्या दिवशी केलेली तपासणी त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनी, रॅपिड चाचणी तीन महिन्यांनी. दर आठवड्याला रक्त देऊन फक्त दंड दुखतो. विचारायचं असेल तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे.

त्वचा व गुप्तरोग विभागातील डॉक्टर
कंडोम जेवढं झाकतो तेवढंच वाचवतो. हर्पिस, चामखीळ आणि गरमी म्हणजे सिफिलिस हे वृषणावरच्या, जांघेतल्या उघड्या कातडीवरूनही येतात. मुखमैथुन बिनकंडोमचं झालं असेल तर लोक ते मोजतच नाहीत. एचआयव्हीचा धोका त्यात फारच कमी, पण परमा म्हणजे गनोरिया आणि गरमी होऊ शकतात.

परमा पुरुषांमध्ये बहुधा दोन ते सात दिवसांत कळतो: लघवीला जळजळ, पिवळट पू. क्लॅमिडिया हा दुसरा गुप्तरोग मात्र अनेकदा गप्प बसतो, विशेषतः बायकांमध्ये. गरमीचा व्रण साधारण तीन आठवड्यांनी येतो, कडक असतो, सहसा दुखत नाही आणि आपोआप बरा होतो. तिथेच फसगत होते: व्रण जातो, रोग राहतो.

शिश्नमुंडाच्या कडेला ओळीने एकसारखे बारीक दाणे असतील तर ते बहुधा वयात आल्यापासूनचे, निरुपद्रवी असतात, आता भीतीने नजर गेली इतकंच. आणि रोज डेटॉलने धुऊ नका. कातडी लाल होते, मग त्या लालीलाच रोग समजून माणूस येतो.

लॅब टेक्निशियन
परमा-क्लॅमिडियाच्या पीसीआरसाठी लघवीची पहिली धार लागते, २० ते ३० मिली, आणि त्याआधी निदान तासभर लघवी केलेली नसावी. नमुना बिघडतो तो इथेच: सवयीने लोक मधली धार आणतात. हर्पिसची आयजीएम ही रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी करून पैसे घालवू नका. आयजीजी ही दुसऱ्या प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी लागण कधी नि कुणाकडून, हे कळत नाही. ताज्या फोडाचा स्वॅब खरा. गरमीची पहिली चाचणी, व्हीडीआरएल, पॉझिटिव्ह आली तर खात्रीची टीपीएचए चाचणी केल्याशिवाय घाबरू नका.

फार्मासिस्ट
अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या मनाने घेऊ नका. परमा अर्धवट दबतो आणि तपासणीही गोंधळते. खोबरेल तेल, व्हॅसलीन कंडोमच्या लेटेक्सला खातं, जेल पाण्याचं किंवा सिलिकॉनचं घ्या. एकावर एक दोन कंडोम घातले तर घासून फाटतात. वीर्यपतनानंतर ताठरपणा असतानाच कडा धरून बाहेर काढा. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर घेऊन टाका: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी.