मुलांसाठी घरचं वायफाय कसं आवरलंत? अनुभव लिहा

कोथिंबीरवडी
काल माळा आवरताना बाबांचा डायलवाला फोन सापडला, भोकातलं चिमुकलं कुलूप अजून तसंच. एसटीडीचं बिल वाढू नये म्हणून लावलेलं. आम्ही भावंडं रिसिव्हर ठेवायची खुंटी टकटक दाबून नंबर लावायचो, ५ ला पाच टकटक, ० ला दहा, मधे जरा थांबायचं. कुलूप बघत बसायचं बिचारं. आता लेक सहावीत आणि कुलूप लावायची पाळी माझी. राऊटरच्या पानावर (१९२.१६८.१.१) जाऊन डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) जागी १.१.१.३ आणि खाली १.०.०.३ टाकलं, क्लाउडफ्लेअर कंपनीचं आहे, फुकट. घाण साइट आणि व्हायरसवाल्या उघडतच नाहीत. पण यूट्यूब जसंच्या तसं! तुम्ही काय केलंत?

खमंग काकडी
आमच्या फोनला कुलूप आणि वर क्रोशाचं कव्हर पण होतं 😂

झाडीपट्टी
ताई, डीएनएसले फक्त साइटचं नाव दिसते, यूट्यूबच्या आत पोट्टं काय पाहून राहिलं ते त्याले कसं समजन. क्लीनब्राउजिंगचा फॅमिलीवाला टाकून पाहा, १८५.२२८.१६८.१६८. तो यूट्यूबले रिस्ट्रिक्टेड मोडमधी टाकते, म्हणजे मोठ्यायचे व्हिडिओ लपवते, गूगलचं सेफ सर्चही आपोआप चालू. कॉमेंटी पण गायब होतात, मले तर तोच मोठा फायदा वाटला. आमच्या इथं सुतक पडल्यासारखं झालं होतं पण.

ओसरी
आमची गंमत ऐका. राऊटरमधे मुलाच्या फोनला रात्री नऊनंतर नेट बंद असं लावलं होतं. काही दिवस बरं चाललं, मग साहेब सकाळी डोळे लाल करून यायला लागले. तर अँड्रॉइडमधे वायफायच्या प्रायव्हसीत रँडम मॅक की फोनचा मॅक (राऊटर फोनला ज्यावरून ओळखतो तो नंबर) असं असतं ना, ते त्याने बदललं, राऊटरला वाटलं कोणी पाहुणाच आलाय. मग मी गेस्ट वायफाय वेगळं केलं, मुलांचं सगळं त्यावर, नऊला ते अख्खंच बंद, मेनचा पासवर्ड फक्त आम्हा मोठ्यांना. तर आबांच्या मांडीवर डोकं ठेवून लाडात येऊन त्यांच्याच फोनवर शेअरचा क्यूआर उघडला आणि आपल्या फोनने स्कॅन केला. आबा म्हणतात, मला वाटलं पोरगं माझा फोटो काढतंय. आता आबाही गेस्टवर. रुसलेत.

खमंग काकडी
आबांना गेस्ट म्हणणं बरं नव्हे 🤣🤣

रात्रपाळी
आमच्या नेटवाल्याने दिलेल्या राऊटरमधे डीएनएस बदलायचं पानच लॉक. फोन केला तर म्हणे टेक्निकल टीम येईल. अजून येतेय. मग लेकीच्या फोनमधेच प्रायव्हेट डीएनएस मधे फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम टाकलं. अँड्रॉइड ९ पासून पुढे चालतं. हे मोबाइल डेटावर पण लागू होतं, राऊटरवालं होत नाही. पोरं हॉटस्पॉट मागतात ते उगाच नाही. अर्थात सेटिंगमधे जाऊन ती काढू शकतेच.

दुपारचा चहा
@कोथिंबीरवडी आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) बघितलंत का? ते चालू असेल तर फोन त्याच वाटेने नेटवाल्याच्या डीएनएसला जातो, तुमचं १.१.१.३ तसंच बसून. तिथे २६०६:४७००:४७००::१११३ टाका नाहीतर ते बंदच करा.

कोथिंबीरवडी
अय्या, चालूच होतं. म्हणून फोनवर सगळं उघडत होतं आणि लॅपटॉपवर नाही. धन्यवाद!! कुकर लावलाय, येते.

शेवंता०७
उलटा अनुभव लिहिते. आम्ही विकतचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं शब्द बघून अडवणारं. मुलगी दहावीत, विज्ञान भाग २ मधला 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' चा दुसरा भाग, म्हणजे प्रजननाचा धडा. एकही पान उघडेना. वर मला मोबाइलवर मेसेज, तुमच्या पाल्याने आक्षेपार्ह मजकूर शोधला. पोरगी रडकुंडीला, परवा पेपर. त्याच रात्री काढून टाकलं. तिच्या मैत्रिणी असलं काही नसताना अभ्यास करत होत्या आणि माझीच गुन्हेगार. लहानांना ठीक आहे हो, मोठ्या मुलींना पाळीबद्दल वाचायचं असतं, कुणाला विचारवत नसतं.

झाडीपट्टी
हे खरं बोलल्या. +१

थेम्सकाठचा
इकडे इंग्लंडात २०१३ पासून मोठ्या ब्रॉडबँड कंपन्या नवीन कनेक्शन देतानाच विचारतात फिल्टर हवा का. आमच्या घरी चालू आहे. शाळेत मात्र व्हीपीएन (फिल्टरला वळसा घालणारं अॅप) कसं टाकायचं ते सगळ्यांना पाठ.

पोह्यांवर शेव
माझ्या नवऱ्याने रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) आणून त्यावर पाय-होल नावाचं सॉफ्टवेअर बसवलं, जाहिराती बंद, फार खूश. संध्याकाळी सासूबाईंची मालिका सुरूच होईना, त्या अॅपला आधी जाहिरात दाखवल्याशिवाय पुढे जायचंच नसतं. घरात जो काही गहजब. टीव्ही आता फिल्टरमधून वगळलाय आणि कार्टी त्याच टीव्हीसमोर आजीला चिकटून बसते.

नाना_निवृत्त
आमचा नातू सेफ्टी पिनने राऊटर रिसेट करतो आणि खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकतो. ते भोक फेविक्विकने बुजवलं तर चालेल का?

दुपारचा चहा
वॉरंटी जाईल नाना. कपाटात ठेवा, पण लोखंडी नको, रेंज जाते.